भिंगरीला दमवायचं नाही

नणंदेच्या तोंडून भावजयीचं कौतुक ऐकलं की लोकांना वाटतं, हिला ताप तरी आला असावा, नाहीतर हिचं काहीतरी काम तरी अडलेलं असावं. मी ठणठणीत आहे. आणि काम म्हणाल तर ते वहिनीवाचून रोजच अडतं, कारण घट्ट बसलेलं बरणीचं झाकण उघडण्यापासून गळका नळ आवळण्यापर्यंत आमच्या घरात सगळं तीच करते. तरीही सांगते. आमच्या वहिनीसारखी बाई मी दुसरी पाहिलेली नाही, आणि ती आमच्या घरात आली यात माझ्या भावाचं कर्तृत्व शून्य आहे.

माझं शिवणकामाचं दुकान आहे. पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश, कुणाच्या पँटचा पाय आखूड करायचा असेल तर तोही. खाली दुकान, वर घर. घरात आई, दादा, वहिनी आणि मी. आईला ऐकू कमी येतं, पण तिच्याविरुद्ध बोललेलं बरोबर ऐकू येतं. दादा लेथ मशीनवर कामाला आहे. दिवसभर त्या घरघरीत उभं राहून तो बोलायचंच विसरला आहे. एखाद्या दिवशी तो दोन वाक्यं सलग बोलला तर आम्ही एकमेकींकडे बघतो. आणि वहिनी शहराच्या टोकाला कुत्र्यांचा निवारा आहे, तिथे काम करते.

निवारा म्हणजे पत्र्याच्या छपराखाली जाळीच्या खोल्यांच्या दोन रांगा, मध्ये सिमेंटची वाट आणि वाटेच्या कडेने उघडं गटार. पुढच्या रांगेत लोकांना दाखवायची कुत्री. मागच्या रांगेत आता कुणी नेणार नाही अशी. वहिनी सकाळी गमबूट चढवते, पाण्याची नळी ओढत आणते आणि एकेक खोली धुवायला घेते. पण आत शिरण्याआधी प्रत्येक दाराच्या जाळीवर बोटाने टकटक करते आणि विचारते, "येऊ का आत?"

"आणि ते कुत्रं काय सांगणार? नंतर या म्हणून?" मी एकदा चिडवलं.

"काहीजण सांगतात," ती म्हणाली. "मग मी नंतर जाते."

या बाईशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. संध्याकाळी ती घरी येते तेव्हा जिन्यातच तिचा वास कळतो. एकदा पडदे शिवायला टाकायला आलेल्या एका बाईंनी नाक मुरडून विचारलं होतं, "तुमच्या वहिनी म्हणे कुत्री धुतात?" मी म्हटलं, "हो, धुतात." आणि त्या बाईंचे पडदे इतके रखडवले, की शेवटी त्यांना चादरी टांगाव्या लागल्या. वहिनीला हे कळल्यावर तिने मलाच झापलं.

तिला खोटं बोलता येत नाही. यात तत्त्व वगैरे काही नाही. येतच नाही, जशी मला शिट्टी वाजवता येत नाही. मागे मी माझं जुनं शिलाई मशीन विकायला काढलं होतं. लांबून एक बाई बघायला आली. मी मुद्दाम पातळ कापड लावून चालवून दाखवलं, मशीन लोण्यातून सुरी जावी तसं चाललं. सौदा ठरला. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली आणि कप ठेवता ठेवता म्हणाली, "जाड कापडावर टाके सोडतं हं हे."

ती बाई चहा पिऊन निघून गेली. मी वहिनीशी बोलणं टाकलं, म्हणजे मला बोलल्याशिवाय राहवत नाही हे माहीत असूनही टाकलं. आणि थोड्या दिवसांनी तीच बाई परत दारात. म्हणाली, "मला तान्ह्या बाळांचे कपडेच शिवायचेत. जाड कापड लागतंच कुठं?" थोडी किंमत कमी करून घेऊन गेली. अजून ते मशीन तिच्याकडे आहे आणि तिची एकदाही तक्रार नाही. वहिनीने मला "बघ" असंसुद्धा म्हटलं नाही, याचा मला जास्त राग आला.

एवढं सगळं सांगितलं ते भिंगरीसाठी.

भिंगरी मालाच्या गोदामामागे सापडलेली. पिल्लू असताना तिला निवाऱ्यात आणलं, आणि ती तिथेच मोठी झाली. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला, आणि एकच पाय पांढरा, जणू तीन मोजे हरवले आहेत. तिला नाव वहिनीनेच दिलं, कारण ती सरळ चालतच नसे. गोल फिरायची, उड्या मारायची, पाण्याचं भांडं डोक्यावर पालथं घालून घ्यायची, वहिनीच्या हातातला झाडू पळवायची आणि सगळ्या वाटेवर मिरवायची. दाराची कडी नाकाने उघडायला शिकली, तेव्हा कडीला तार बांधली. मग तार सोडायला शिकली. वहिनी रोज जेवताना तिच्या कागाळ्या सांगायची आणि सांगताना तिचा चेहरा असा व्हायचा, की आई म्हणायची, "हिची तक्रार आहे की कौतुक, काही कळत नाही."

आता त्या निवाऱ्यातली एक पद्धत सांगायला हवी. कुत्री न्यायला लोक रविवारी येतात. लोकांना शांत कुत्रं हवं असतं. म्हणून रविवारी सकाळी जी कुत्री फार उड्या मारतात त्यांना बाहेर नेऊन पळव पळव पळवायचं, जीभ लोंबेपर्यंत. मग अंघोळ, मग फणी, मग पाहुण्यांच्या खोलीत आणून सोडायचं. दमलेलं कुत्रं आपलं पायाशी पसरतं, डोळे अर्धे मिटतं, आणि बघणारे म्हणतात, "किती गरीब आहे हो!" निवाऱ्यात याला 'दमवणं' म्हणतात. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. निवाऱ्याचे साहेब तर मनाने फार चांगला माणूस. कुत्र्यांना घर मिळावं एवढाच त्यांचा हेतू. आणि दमवण्याचं काम कुणाकडे? जिचे पाय सगळ्यांत दणकट तिच्याकडे. म्हणजे आमच्या वहिनीकडे.

भिंगरीला दमवणं सोपं नव्हतं. वहिनी तिला टेकाडावरून खाली, खालून टेकाडावर अशी पळवत राही, आणि भिंगरीची जीभ बाहेर येईपर्यंत वहिनीचीही यायची. पण जमलं. भिंगरी पाहुण्यांच्या खोलीत पायपुसण्यासारखी पडून राहिली आणि एक कुटुंब तिला घेऊन गेलं. वहिनी त्या दिवशी घरी येऊन रडलीही आणि हसलीही.

आठवडा उलटायच्या आत भिंगरी परत. सोफ्याचा कापूस घरभर, आणि मालकिणीचा संताप त्याहून जास्त.

दुसऱ्यांदा पुन्हा तेच. पुन्हा टेकाड, पुन्हा अंघोळ, पुन्हा "किती गरीब". या वेळी एक वयस्क जोडपं आलं होतं. त्यांना संध्याकाळी पायाशी बसणारं कुत्रं हवं होतं. भिंगरीने दुसऱ्याच दिवशी आनंदाच्या भरात आजींच्या अंगावर उडी घेतली, आजी पडल्या, मनगट मुरगळलं. आजोबा स्वतः तिला परत घेऊन आले. ओरडले नाहीत, भांडले नाहीत. पट्टा वहिनीच्या हातात दिला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही आम्हाला दुसरंच कुत्रं दाखवलंत."

त्या दिवशी वहिनी घरी आली ती पायरीवरच बसली, गमबुटांसकट. मी दुकान बंद करत होते. म्हटलं, "वर चल, जेवण निवतंय."

"मी खोटं बोलले गं," ती म्हणाली.

मला वाटलं, कान वाजले माझे. "तू? कुणाशी?"

"त्या आजी-आजोबांशी. तोंडानं नाही बोलले. पट्ट्यानं बोलले." आणि तिने सगळं सांगितलं. परत आल्यापासून भिंगरी तोंड भिंतीकडे करून पडली होती, आणि वहिनीने जाळीवर टकटक केली तर तिने मान वळवली नव्हती. "तिला काय कळणार? तिला वाटत असेल, मी उड्या मारल्या म्हणून मला परत टाकलं. आणि उड्या मारण्याशिवाय तिनं केलंय काय!"

निवाऱ्याचा एक नियम होता. तीनदा परत आलेलं कुत्रं पुन्हा कुणाला दाखवायचं नाही. ते मागच्या रांगेत जातं, कायमचं. तिथे दिवसातून एकदा थोडा वेळ अंगणात फिरवतात, बाकी वेळ जाळी. म्हाताऱ्या कुत्र्यांचं त्यात निभतं. भिंगरीसारखीचा तिथे जीव गुदमरला असता. एकच संधी उरली होती.

दुसऱ्या दिवशी वहिनीने साहेबांना सांगितलं, "भिंगरीला आता दमवायचं नाही. जशी आहे तशी दाखवायची."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो बाई, शेवटची संधी आहे तिची. आणि तुम्ही असा उघडा कारभार करणार? कोण नेईल तिला?"

"जो नेईल तो परत तरी आणणार नाही."

साहेब म्हणाले, ठीक, तुमची जबाबदारी. आणि मग रविवारमागून रविवार जायला लागले. लोक यायचे. भिंगरी पाहुण्यांच्या खोलीत शिरायची ती थेट कुणाच्या तरी मांडीवर. पर्समधून रुमाल, खिशातून किल्ल्या, टेबलावरून पाण्याचा पेला, सगळ्यांची विचारपूस करायची. आणि एवढं कमी होतं म्हणून की काय, वहिनी वर सांगायची, "बाई, ही सोफा फाडते. एकदा एका आजींना पाडलंय. दिवसभर एकटी ठेवणार असाल तर नेऊ नका." लोक हसायचे, भिंगरीचे लाड करायचे आणि शेजारचं झोपाळू कुत्रं घेऊन जायचे.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, वहिनी," मी म्हणायचे. "एवढं सगळं पहिल्याच भेटीत सांगायची काय गरज? लोक घरी नेतात, जीव लागतो, मग सगळं खपवून घेतात."

"दोनदा झाकली होती की मूठ."

यावर मी आणखीच मोठ्याने बोलले. तेव्हा दादाने ताटावरून मान वर केली. "एखादा भाग बसत नसला," तो म्हणाला, "तर भाग वाईट नसतो. दुसऱ्या मशीनचा असतो." आणि पुन्हा जेवायला लागला. त्या महिन्याचं त्याचं बोलणं तेवढ्यात संपलं, पण वहिनी कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत होती.

शेवटी साहेबांचाही नाइलाज झाला. नवी पिल्लं येणार होती, पुढच्या रांगेत जागा हवी होती. त्यांनी वहिनीला बोलावून सांगितलं, "येत्या रविवारपर्यंत थांबतो. नाही झालं तर भिंगरीला मागे हलवावं लागेल. मला वाईट वाटत नाही असं समजू नका."

मला कुत्र्यांचं फारसं प्रेम नाही. पण वहिनीने पडद्यांच्या उरलेल्या तुकड्यांतून कुत्र्यांसाठी गाद्यांच्या खोळी शिवून मागितल्या होत्या. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं; तरी शिवल्या. त्या पोचवायच्या निमित्ताने मी त्या रविवारी निवाऱ्यात गेले. निमित्तच म्हणायचं, कारण वहिनी त्या स्वतः नेऊ शकली असती. मला तिला एकटीला जाऊ द्यायचं नव्हतं.

गेले तर वहिनी फाटकाशी उभी. हातात पट्टा. समोर टेकाड. जाळीमागे भिंगरी तिला बघून चार पायांवर नाचत होती. साहेब शेजारी उभे राहून हळू आवाजात म्हणत होते, "एकदाच, बाई. शेवटचं. थोडीशीच दमवा. मागच्या रांगेपेक्षा तर बरं ना?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणणार होते ते तिला माहीत होतं. मीच तर इतके दिवस झाकल्या मुठीचे गोडवे गात होते. पण तिचा तो चेहरा पाहून मी नुसतं खोळींचं गाठोडं खाली ठेवलं. मग वहिनीने पट्टा खिळ्याला अडकवून टाकला आणि नळी उचलली.

"अजून चार खोल्या धुवायच्यात," ती म्हणाली.

दुपारपर्यंत भिंगरीला तिघांनी पाहिलं आणि तिघांनी नाकारलं. मी पाहुण्यांच्या खोलीत एका कोपऱ्यात बसले होते, आणि गळ्यात माप घ्यायची टेप तशीच राहिली होती, ती भिंगरीने अलगद ओढून घेतली. मी ओरडले. ती टेप तोंडात धरून खोलीभर पळायला लागली, टेबलाखालून, साहेबांच्या पायांमधून, खुर्चीला दोन वळसे घालून. मी तिच्यामागे. साहेबांचा चष्मा पडला. आणि नेमका तेव्हाच दारात एक माणूस येऊन उभा राहिला. उन्हाने रापलेला, टोपी हातात, बुटांना ओला चिखल.

"ही कुठली?" त्याने विचारलं. "ही आधी नव्हती तुमच्याकडे."

साहेब चष्मा शोधत म्हणाले, "आधीपासून आहे की."

"छे. मी दोनदा येऊन गेलो ना. मला पळणारं कुत्रं हवंय. तुमच्याकडे बघावं ते झोपलेलं. मी म्हटलं, हा निवारा आहे की दवाखाना?"

तो खेळाच्या मोठ्या मैदानाची निगा राखणारा होता. मैदानाच्या कडेलाच राहायचा, तो आणि त्याची बायको. त्याचं दुखणं म्हणजे पाखरं. गवताचं बी पेरलं की कबुतरांचे थवेच्या थवे उतरायचे आणि सगळं टिपून जायचे. त्याने बुजगावणी उभी केली, कबुतरं त्यांच्या डोक्यावर बसली. त्याने डबे वाजवले, स्वतः धावला, गुडघा धरून बसला. आता त्याला दिवसभर न थकता धावणारं कुणीतरी हवं होतं.

तो खाली बसला. भिंगरी टेप टाकून त्याच्या टोपीकडे वळली. त्याने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, पांढरा पाय पाहिला, आणि एकदम म्हणाला, "अरे! हिला पाहिलंय मी. त्या खिडकीखाली पडली होती. जीभ बाहेर, डोळे मिटलेले. मला वाटलं, म्हातारी आहे."

साहेबांनी चष्मा सापडूनही घातला नाही. वहिनी खांबासारखी ताठ उभी होती. जो माणूस भिंगरीसाठी आला होता, तो भिंगरीसमोर उभा राहून परत गेला होता, कारण आम्ही तिला त्याच्यासाठी छान दमवून ठेवलं होतं.

"मग नेता ना?" साहेबांनी घाईने विचारलं.

आणि आमची वहिनी! मी तिच्या दंडाला चिमटा काढला, चांगला दुखेल असा काढला, तरी ती बोललीच. "सोफा फाडते. माणसांवर उड्या मारते. दोनदा परत आलीय." तो माणूस हसून मान डोलावत होता. "आणि खणते," वहिनी म्हणाली. "मऊ माती दिसली की खणते. खूप खणते."

त्याचं हसू गेलं. मैदानाची निगा राखणाऱ्या माणसाला याहून वाईट बातमी काय असणार? कबुतरं बी खातात; ही तर मैदानच उकरणार. तो उठला. टोपी झटकली. म्हणाला, "खणत असेल तर अवघड आहे, बाई. माफ करा." भिंगरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेला.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. एवढं सांगते, की निवाऱ्यातली सगळी कुत्री गप्प बसली होती आणि मीच एकटी भुंकत होते. "कुणी विचारलं होतं तुला? कुणी विचारलं होतं खणते का म्हणून?"

"तो परत घेऊन आला असता," वहिनी म्हणाली. "मग तिसऱ्यांदा तिला काय सांगणार होते मी, वन्सं?"

मला 'वन्सं' ती फक्त चिडली की म्हणते. आम्ही दोघींनी मिळून खोळी चढवायला घेतल्या. वहिनीने भिंगरीसाठी निळ्या पडद्याची खोळ वेगळी काढून ठेवली होती. ती हातात घेऊन वहिनी मागच्या रांगेतल्या एका रिकाम्या खोलीपाशी गेली आणि ती खोली धुवायला लागली. अगदी कोपरान्‌कोपरा. मी बघत होते. अशी धुतलेली खोली मी कुणाच्या घरात पाहिली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पत्र्याखालच्या उकाड्यावर ढकललं.

निवारा बंद करायची वेळ झाली तेव्हा फाटक वाजलं. तोच माणूस. या वेळी बायकोही बरोबर होती, ठेंगणी, कंबरेवर हात ठेवून उभी राहणारी.

"हिला सांगितलं," तो म्हणाला. "तर ही मलाच वेड्यात काढते."

"काढू नको तर काय करू?" ती बाई म्हणाली. "मैदानाच्या टोकाला लांब उडीचा वाळूचा खड्डा आहे. दर आठवड्याला ती वाळू खालीवर करून भुसभुशीत करावी लागते, नाहीतर उडी मारणाऱ्या पोरांचे पाय दुखावतात. हे फावडं मारतात आणि मग कंबर धरून बसतात. आणि खणणारी कुत्री चालून आली, तर हे नको म्हणून घरी आले!"

मला शिलाई मशीनवाली बाई आठवली. मी वहिनीकडे पाहिलं. तिने मला याही वेळी "बघ" म्हटलं नाही. ती बाईंना विचारत होती, "दिवसा कुणीतरी जवळ असतं ना तिच्या? पावसापाण्याचं आत घेता ना?" साहेब तिच्या मागून खुणा करत होते, की पुरे आता, पण तिला हवी ती सगळी उत्तरं मिळेपर्यंत तिने पट्टा सोडला नाही. मग भिंगरीच्या जाळीशी जाऊन टकटक केली. "येऊ का आत?"

भिंगरी गेली ती टेकाडावरून त्या दोघांना ओढत. निळी खोळ बाईंच्या काखेत. वहिनीने भिंगरीची रिकामी खोली एकदा पाहिली आणि दाराला बांधलेली तार सोडून खिशात घातली.

नंतरचे काही दिवस फाटक वाजलं की वहिनी हातातलं टाकून बघायला धावायची. भिंगरीला घेऊन कुणीही परत आलं नाही. दमवणं मात्र बंद झालं. साहेबांनीच बंद केलं, आणि आता येणाऱ्या लोकांना वहिनीच प्रत्येक कुत्र्याचे गुणदोष सांगते. कुणाला ती परत पाठवते, कुणाला दुसरंच कुत्रं सुचवते, आणि गेलेली कुत्री फारशी परत येत नाहीत. दुकानात हल्ली मला कुणी विचारलं, "तुमच्या वहिनी काय करतात?" तर मी मशीन थांबवून, नीट वळून, पूर्ण सांगते. ऐकणाऱ्याला घाई असली तरी सांगते. माझ्या टेपवर मधोमध दातांच्या खुणा आहेत. नवी टेप घेणं काही अवघड नाही, पण मी घेत नाही.

गवत उगवल्याचा निरोप आला तेव्हा आम्ही दोघी मैदानावर गेलो. फाटकातून आत शिरलो तर समोर एवढं मोठं हिरवंगार मैदान, आणि त्याच्या पार दुसऱ्या टोकाला एक तांबूस ठिपका. कबुतरांचा थवा उतरायला लागला की तो ठिपका सुटायचा. थवा उडायचा, वळसा घेऊन दुसरीकडे उतरायला बघायचा, तोवर भिंगरी तिथे हजर. गळ्यात पट्टा होता, पण तो धरायला कुणी नव्हतं. वहिनी काठावर उभी राहून बघत होती. तिने भिंगरीला एवढं पळवलं होतं, पण पळताना लांबून कधी पाहिलं नव्हतं. पट्ट्याचं दुसरं टोक नेहमी तिच्याच हातात असायचं.

मग भिंगरीने तिला पाहिलं. अख्खं मैदान ओलांडून ती आली, आता अंगावर झेप घेणार म्हणून मी आडोशाला सरकले. पण तिने वहिनीभोवती दोनदा गोल फेऱ्या मारल्या, गमबूट हुंगले, आणि तिच्या पायांवर अंग टाकून दिलं. जीभ लोंबलेली, डोळे अर्धे मिटलेले. अगदी पाहुण्यांच्या खोलीतल्यासारखी.

वहिनी खाली बसली. भिंगरीच्या धापा टाकणाऱ्या पोटावर तिने हात ठेवला.

"दमली," ती मला म्हणाली. रडत होती आणि हसत होती. "बघ. आपली आपण दमली."